आठ आठे शंभर

चंद्रावरच्या वस्तीत मुलं अंतराळपोशाखाचे हातमोजे घालूनच मोजायला शिकत. एकेका मोज्याला चारच बोटं, म्हणून तिथे आठ भरले की '१०' लिहीत. पृथ्वीवरून नुकत्याच मुलाकडे आलेल्या शशिकला धारप या चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंना हे मुळीच पटत नसे.

"आठ आठे शंभर म्हणे," त्या नातीला, मैथिलीला सुनावत. "माझ्या वर्गात असतीस तर पट्टी खाल्ली असतीस."

वाढदिवसाला त्यांनी दार उघडलं, तर सगळी वस्ती दारात. मैथिलीच्या हातात औक्षणाचं तबक आणि त्यात तेवणारं निरांजन. बाई दचकल्याच. प्राणवायू जपून वापरणाऱ्या त्या वस्तीत काडी ओढायलाही बंदी होती. महिनाभर देवापुढेही त्यांनी बल्बच लावला होता.

"शंभरी गाठणाऱ्यालाच खरी ज्योत मिळते, आजी. इथे पहिली तूच."

"अगं, मला चौसष्टच झाली."

मैथिलीने तबक आजीच्या हातात दिलं आणि मोज्यांची आठ बोटं आठ वेळा मोजून दाखवली.

ज्योतीची ऊब बाईंच्या गालाला लागली. तबकातलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी मैथिलीच्या मोज्यावर ठसठशीत 'बरोबर'ची खूण केली.