नवा दर

फुलवाल्याने काउंटरमागे ठळक पाटी लावली होती : किमान वेतन वाढल्यामुळे नाइलाजाने दर वाढवले आहेत. त्या पाटीसमोर उभं राहून मुलीने आईसाठी पुष्पचक्र मागितलं. आई कालच गेली होती. याच दुकानाच्या मागच्या खोलीत, तारेच्या कड्यांवर ओलं शेवाळ बांधून त्यात फुलं खोचता खोचता तिचे केस पिकले होते.

फुलवाल्याचे डोळे भरून आले. त्याने एक तयार पुष्पचक्र काउंटरवर ठेवलं, तरी सांगितला तो नवाच दर.

रांगेतल्या एक बाई फणकारल्या, "करा अजून कामगारांचे लाड! आता मेल्या माणसाला चार फुलं वाहायचीही सोय राहिली नाही."

मुलगी त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "काका, यांना सांगा ना, माझ्या आईचा पगार कितीने वाढवला होतात?"

फुलवाल्याने कात्री उचलली आणि परत ठेवली.

"पाटी लागल्यापासून गिऱ्हाइकं तिलाच टोमणे मारायची. 'मजा आहे बाई तुमची!' ती तुमची लाज राखून नुसती हसायची, आणि घरी येऊन न जेवता झोपायची. कितीने वाढवलात, काका?"

"असं काय बोलतेस, पोरी?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "पगारवाढ नोकरांना देतात. तिला मी नोकर कधी मानलंच नाही. ती आमच्या घरचीच होती."

मुलीने पुष्पचक्र उचलून दंडाला अडकवलं आणि पर्स न उघडताच दुकानाची पायरी उतरली.

"मग घरच्याच माणसाच्या मयताला फुलं विकत कसली देताय?"