चिपडोबा

“नाही आला काकू. अजून नाही आला तुमचा चिपडोबा.”

कल्पेशनं कॉम्प्युटरचा पडदा अंजनाकडे वळवला. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण अक्षरं इंग्रजी. ती आपली कल्पेशच्या तोंडाकडेच बघायची.

आळेफाट्यावर कल्पेशचं इंटरनेटचं दुकान होतं. अंजना दर शुक्रवारी गुडघ्याच्या औषधाच्या निमित्तानं डिंगोऱ्याहून यायची. घरी खरं सांगायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी, २००३ साली, तिचा आदेश बापाशी भांडून निघून गेला. तेव्हा संपतनं भर अंगणात डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि पोटच्या पोराच्या नावानं आंघोळ केली. “आपल्याला पोरगा न्हाई. त्याचं नाव या घरात निघायचं न्हाई,” म्हणाला, आणि पाळलंही. संपत म्हणजे नुसता धोंडा. तेव्हापासून अंजना नवऱ्याशी बोलायची ते मीठमिरचीपुरतं.

आदेश पुण्याला कॉम्प्युटर शिकलेला. कधीतरी इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधेल, या आशेवर कल्पेशनं त्याच्या फोटोचं एक पान बनवून दिलं होतं. पण सर्च इंजिनला ते सापडतं का, हे आधी तपासायला हवं होतं.

“जगात दुसरीकडे कुठेच नसेल असा एक शब्द सांगा. तो पानावर टाकू आणि दर आठवड्याला शोधू. पान वर आलं की समजायचं, यंत्र येऊन वाचून गेलं.”

अंजनानं ‘चिपडोबा’ सांगितलं. लहानपणी सकाळी आदेशचे डोळे चिपडांनी चिकटलेले असत. टॉवेलाचं टोक भिजवून पुसल्याशिवाय पोरगं डोळे उघडायचं नाही.

पाच शुक्रवार असेच कोरडे गेले. मग कल्पेशनं दोन नवी पानं करून पाहिली, एक दुकानाच्या पानाला जोडलेलं आणि एक सुटं. जोडलेलं बारा दिवसांत सापडलं, सुटं काही सापडेना.

“चूक माझीच,” तो ओशाळून म्हणाला. “वाडीला वाटच नाही, तर पोस्टमन जाणार कसा?” त्यानं आदेशच्या पानालाही वाट जोडून दिली.

त्यानंतरचा तिसरा शुक्रवार अंजनाचा चुकला. चौथ्या शुक्रवारी कल्पेश दारातच उभा होता.

“काकू, पान आलं. आणि कुणीतरी चिपडोबा शोधून त्या पानावर येऊन गेलंय. दोनदा, दोन्ही वेळा बुधवारी. ज्या कॉम्प्युटरच्या नंबरावरून आलंय तो माझ्या मावसभावाच्या इंटरनेटच्या दुकानाचा आहे. नारायणगावचा.”

अंजना बाकावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. तीन वर्षांत अशी रडली नव्हती.

“त्योच,” ती म्हणाली. “बाहेरच्याला कुनाला ठावं ह्ये नाव?”

“मावसभावाला फोन करून विचारू का?”

“नगं, बुजंल. बापाच्या भ्यानं येशीवरनं माघारी फिरतंय लेकरू. मीच जाते.”

बुधवारी संपत नेहमीप्रमाणं पहाटेच पिकअपमधून टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेला. त्याच्या दृष्टीला पडली तर धडगत नव्हती. अंजना मागाहून यष्टीनं गेली. पदर पुढं ओढून, मार्केटचा रस्ता टाळून ती मागच्या गल्लीनं निघाली. पिशवीत बाजरीची भाकरी आणि आदेशच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी होती.

दुकान अरुंद होतं. दाराशी बसलेल्या मालकाला तिनं हळूच विचारलं, “बुधवारी चिपडोबा शोधाया एक पोरगा येतो ना, भाऊ?”

“पोरगा नाही मावशी, एक काका येतात,” मालक म्हणाला. “पहिल्यांदा शब्द मीच टाकून दिला. म्हटलं, मुलाचं नाव सांगा, तर म्हणाले, ते नाव घ्यायचं न्हाई असं बोलून बसलोय मी. मग हे लाडाचं नाव सांगितलं.”

त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

तिथं संपत बसला होता. खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक पाण्याच्या पेल्यात भिजवून तो पडद्यावरच्या आदेशचे डोळे पुसत होता.