क्लास नसलेला विषय

"ख्रिस्ती धर्मावरच्या कुठल्याही आक्षेपाला माझ्याकडे उत्तर आहे," खोली बघायला आलेला शमुवेल म्हणाला.

"मग लातूरच्या नळाला पाणी कधी येईल, तेवढं सांग," घरमालक दत्तोपंत म्हणाले.

त्यांच्याकडे राहणारी पोरं डॉक्टर होणारी, नाहीतर इंजिनिअर. हा पोस्टाने एम.ए. करणार, तेही धर्माची बाजू तर्काने कशी मांडावी यात.

"क्लास कोणता लावलास?"

"या विषयाला क्लास नसतो, काका."

लातुरात क्लास नसलेला विषय! दत्तोपंतांचा संशय पक्का झाला.

"इथं बाटवाबाटवी चालायची नाही. खोली मिळणार नाही."

"मी फक्त उत्तरं द्यायला शिकतोय, काका."

"असं? मग किल्लारीला भूकंप झाला तेव्हा देव काय करत होता?"

शमुवेल बराच वेळ बोलला. दत्तोपंतांनी त्याला एकदाही अडवलं नाही. मग उठून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या हिची धाकटी बहीण गेली त्यात. ही रोज मला हेच विचारते. तेवढं मोजक्या मुद्द्यांत लिहून दे, पाठ करून ठेवतो."