डोंगराचा जोडा

"हे पांढरे जोडे लग्नात घालजो." जोडेवाल्या म्हाताऱ्या बाबूभाईनं लच्छूच्या हातातले कॅनव्हासचे जोडे काढून घेतले. "भामरागडच्या डोंगरात पहिल्याच नाल्यात हे तुह्याआधी पोहून जातीन."

लच्छूची बायको कमळा फिसकन हसली. लच्छूही हसला. तीन वर्षं अर्ज करकरून त्याला जंगलखात्यात नाकेदाराची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. अशा दिवसांत माणूस कशालाही हसतो.

नोकरी टिकवायची तर साहेबाच्या मागं रोज दहा-बारा मैल डोंगर तुडवावा लागणार होता. आधीचा नाकेदार पायाला फोड आले म्हणून महिन्याभरात परत आला होता. म्हणून खरेदीचा ताबा कमळेनं घेतला होता. जाड खाकी कपडे, काट्यांसाठी पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या, घोंगडी, पाण्याचा तुंबा. नवऱ्याची आवड तिनं सकाळपासून कुठंच चालू दिली नव्हती.

बाबूभाईनं तळाला खिळे ठोकलेले जाड कातड्याचे बूट काढले. त्याचा एक नेम होता. डोंगराचा जोडा तो दुकानात बसून घालून पाहू देत नसे. समोरच चांद्याच्या परकोटावर, गावाच्या जुन्या तटावर, जाणाऱ्या पायऱ्या होत्या. गिऱ्हाइकानं त्या पाच वेळा चढायच्या, पाच वेळा उतरायच्या आणि मग कुठं रुततं ते सांगायचं. रुतायचं सगळ्यांनाच. कुणाची टाच, कुणाची करंगळी. मग म्हातारा ठोकून, ताणून, तेल चोळून जोडा पायाजोगा करून द्यायचा.

लच्छू हौसेनं पाचच्या जागी सात वेळा चढला आणि घामाघूम होऊन परत आला.

"कुठी रुतते?"

"कुठीच नाई."

"चाळीस साल झाले, असं गिऱ्हाईक नाई पाह्यलं," बाबूभाई खुशीत म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं बूट उतरवले.

डाव्या बुटात तळाचा एक खिळा धानाच्या दाण्याएवढा वर आला होता. आतलं कातडं रक्तानं भिजलं होतं. लच्छूनं पाय वळवून तळवा पाहिला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"दुखलं नाई तुले?"

कमळाच कौतुकानं बोलली. "त्यायचं असंच हाये, बाबूभाई. चुलीतला निखारा हातानं उचलते हा माणूस."

"कधीपासून?"

"धानाच्या रोवण्यापासून असन."

बाबूभाईच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं कातडं टोचायची आरी उचलली. "लच्छू, तिकडं परकोटाकडं पाह्य." जखम सोडून डाव्या पायाच्या बोटांवर त्यानं आरीचं टोक टेकवलं आणि दाबलं. "सांग, कुठी टोचलं?"

"टोचा तं आधी," लच्छू परकोटाकडं पाहत म्हणाला.

आरीचं टोक बोटात रुतलेलं कमळेला दिसत होतं.

"माह्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं," बाबूभाई हळू आवाजात म्हणाला. "महारोग हाये, बाई. आधी दवाखान्यात न्या याले."

लच्छूनं पाय आखडून घेतला. "दवाखान्यात गेलो का नाव लिवतेत. मंग कायची नोकरी अन् कायचं गाव? तुमी मले जाड तळाचा जोडा द्या, बाबूभाई. दर घंट्याले काढून पाहीन. कोणाले समजनार नाई."

"बेटा, ज्या पायाले दुखते, त्यालेच जोडा वाचवते. काटा घुसला तं तुले समजनच नाई. मी कोणता जोडा देऊ तुले? महिन्यात पाय सडन."

बाबूभाईला त्याला तोडून बोलायचं नव्हतं. पण गोड करून सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

कमळेनं दोघांचंही ऐकलं नाही. नव्या पट्टीचा तुकडा फाडून तिनं नवऱ्याचा डावा तळवा बांधला. खिळा उपटायला बूट बाबूभाईच्या पुढ्यात सारला; त्यानं पकडीनं तो उपटून दिला. "एका पायाले झालं असन काई," ती म्हणाली. "दुसरा चांगला हाये." मग रस्त्यावरून तिनं एक टोकदार खडा उचलला आणि लच्छूकडं पाठ करून उजव्या बुटात टाकला. बाबूभाईला दिसलं.

"बाई, नको."

"एका बुटात खडा टाकला हाये," ती लच्छूला म्हणाली. बूट तिनंच त्याच्या पायात घातले, तिनंच नाड्या आवळल्या. "चढा. कोनत्या पायात रुतते ते वरून सांगा मले."

लच्छू चढू लागला. या खेपेला हळू. एकेका पायरीवर थांबून, मान खाली घालून तो पायांकडं लक्ष देत होता. खाली कमळेचे ओठ हलत होते. गावदेवीला ती काय काय कबूल करत होती, तिचं तिलाच ठाऊक. बाबूभाई हातात पकड घेऊन तसाच बसून होता.

शेवटच्या पायरीवर लच्छू बराच वेळ उभा राहिला. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मग तो वळला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"डावा!" तो वरून ओरडला. "डावा रुतून राह्यला, कमळे! लय दुखते!"

आणि डावा पाय ओढत, सगळा भार उजव्या पायावर टाकत तो पायऱ्या उतरू लागला.

बाबूभाईनं मान खाली घातली. कमळा उठली. डोळ्यांना पदर लावायचीही तिला आता भीती वाटत होती, कारण तो तिच्याकडंच पाहत येत होता.

"बरोबर वळखलं," तिनं ओरडून सांगितलं. "डाव्यातच टाकला होता."