बेडकाचा ब्रोच

"हाऊ ते छगनशेठ शे," गुलाबबाई ब्रोचकडे बघून म्हणाली, आणि चहाचा कप तिच्या हातातच राहिला.

रेवजी सोनार मखमलीवरच्या ब्रोचला शेवटचा हात फिरवत होता. सोन्याचा बेडूक. पाठीवर बारीक पन्ने, डोळ्यांत दोन माणकं, पोटाला एक वेडावाकडा टपोरा मोती. मुंबईच्या कारखान्यात असताना त्याने मडमांसाठी चष्मा लावलेलं घुबड केलं होतं, छत्री धरलेला खेकडा केला होता. नंदुरबारला परत आल्यापासून मात्र डोरली आणि पाटल्या, पाटल्या आणि डोरली. म्हणून छगनशेठ जेव्हा म्हणाले, बायकोला सुरतच्या लग्नात लावायला काहीतरी कर, मोर नको, फुलं नकोत, तेव्हा वीस दिवस त्याला तहानभूक सुचली नव्हती.

"काय बोली ऱ्हायनी तू," तो बायकोवर करवादला. पण भिंग डोळ्याला लावलं, आणि त्यालाही दिसलं.

गळ्याखाली लोंबणारी शेठची ती थैली. रुंद मिटलेलं तोंड, एका कोपऱ्यातून समोरच्याला तुच्छ लेखणारं. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली. हे आपण केव्हा केलं ते त्याला आठवेना. हातांनी त्याला न विचारताच केलं होतं.

आळीतले सगळे गाळे छगनशेठच्या मालकीचे. समोरचा गाळा वर्षभर बंद होता. तिथे एक शिंपी बसायचा. शेठच्या कोटाचं माप घेताना तो एवढंच म्हणाला होता, की औंदा पोट दोन बोटं वाढलं. आठ दिवसांत त्याचं मशीन रस्त्यावर आलं आणि उजव्या हाताची बोटं दारात चेंगरली. वाऱ्याने दार लागलं, असं आळीत सगळ्यांनी सांगितलं. त्या दिवशी पान हलत नव्हतं.

रेवजीने कानस उचलली. पापणी जराशी घासली तर? पण त्या कडेनेच माणिक धरून ठेवलेलं होतं, आणि माणकं शेठच्या आईच्या कुड्यांतली होती. त्याने कानस खाली ठेवली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा भोंगा वाजला. गुलाबबाई कप घेऊन आत गेली, आणि आत भांड्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

छगनशेठ वाकून दारातून आत आले. त्यांच्या मागून त्यांची बायको जसोदाबाई. मिरच्यांच्या गाड्या नुकत्याच रस्त्यावरून गेल्या होत्या, शेठ दोनदा शिंकले.

"व्हयना का, रेवजी?"

"व्हयना, शेठ."

शेठनी ब्रोच तळहातावर घेतला. वजन अजमावलं. उलटा करून पिनेचं टोक बघितलं, सुलटा केला, उजेडात धरला. तोंडासमोर तोंड. रेवजीने हाताची बोटं मांडीखाली दाबून धरली होती.

"गमतीदार शे," शेठ म्हणाले. स्वतःचं तोंड माणूस आरशात बघतो ते दाढीपुरतं. त्यांनी ब्रोच बायकोपुढे केला.

जसोदाबाईने आधी नुसतं बघितलं. मग तिची नजर ब्रोचवरून नवऱ्याकडे गेली, नवऱ्याकडून पुन्हा ब्रोचकडे, आणि तिने घाईने पदर तोंडाला लावला. खोकली. खोकून झाल्यावर तिने रेवजीकडे पाहिलं. तिने ओळखलंय हे त्याला कळलं. त्याला कळलंय हे तिलाही कळलं.

"काय व्हयनं?" शेठनी विचारलं.

"मिरचीना ठसका," ती म्हणाली.

शेठ खूश होते. त्यांनी रेवजीच्या खांद्यावर हात ठेवला, जड हात. "अशाच आखो चार कर. चारी सुनास्ले. पण तंतोतंत. जरासाबी फरक पडाले नको."

रेवजीला पुढचं दिसलं. सुरतच्या मांडवात पाच बायका, पाच पदरांवर तेच तोंड. एकीला दिसणार. एक हसणार. मग दुसरी.

"नको," जसोदाबाई म्हणाली.

शेठनी मान वळवली. बायकोच्या तोंडून तो शब्द त्यांनी फारसा ऐकलेला नसावा.

"हाऊ मन्हा एकलीनाच ऱ्हावू द्या," ती खाली बघत म्हणाली. "सुनास्ले फुलं करा."

शेठची डावी पापणी हळूच खाली आली. मग शेठ एकदम हसले. "बायास्ना हट्ट," ते म्हणाले. "बरं. फुलं कर. आणि तू लाव ना आते. का तुले बेडूकनं भ्याव वाटस?"

"यान्हं नही," जसोदाबाई म्हणाली.

शेठ तोवर दाराबाहेर पडले होते.

तिने पदरावर ब्रोच लावला. पिन दोनदा बोटाला टोचली, तिसऱ्यांदा बसली. तिच्या बोटावर रक्ताचा ठिपका होता, तो तिने पुसलाही नाही.

रेवजी ओट्यावर आला. शेठ पुढे बसले होते, ती मागे एकटी. उघडी जीप सुरू झाली. वळणावर जीप आडवी होऊन दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. नवऱ्याच्या पाठीमागे ताठ बसून जसोदाबाईने त्या बेडकाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता.