तिसऱ्या अंकाची तालीम

“सरदाराचं काम मले दे, आई. मार खाणारीचं नाई करत मी.”

सोळा वर्षांची आचल पडवीत उभी होती. हातात बापाचं जुनं नाटक, पानं पिवळी पडलेली. या नाटकासाठी तिच्या आईनं, इंदिरानं, अख्खा आठवडा आखला होता. आधी गोष्ट, मग पात्रं, आज तिसरा अंक मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी प्रश्नोत्तरं. गेल्या वर्षी शाळेच्या वाटेवर वाघानं गुराखी उचलला, तेव्हा बापानं, सुरेंद्रनं, पोरीची शाळा सोडवली. बाकीच्या पोरी थोड्याच दिवसांत एसटीनं जायला लागल्या. आचलला मात्र त्यानं जाऊ दिलं नाही. बापाची माया, असं गाव म्हणालं. गावाला म्हणायला काहीतरी लागतंच. इंदिरा बारावी शिकलेली. तिनं बाहेरून दहावीला बसवण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि पोरीला घरीच शिकवायला बसली.

नाटक साधंच होतं. बायको शत्रूला फितूर झाली, असा सरदाराला संशय येतो आणि तिसऱ्या अंकात तो चाबकानं मारून मारून तिचा जीव घेतो. झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. त्यात सरदार म्हटला की नागभीडपासून पोंभुर्ण्यापर्यंत सुरेंद्रच. त्याच्या चाबकाला वन्स मोअर मिळायचा. मंचावरचा चाबूक चिंध्या वळून केलेला, नुसता आवाज करायचा. घरच्या खुंटीवरचा चामड्याचा होता.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तो उतरवला, तेव्हा इंदिराची किंकाळी ऐकून शेजारचा लटारू काठी घेऊन धावत आला होता. नव्या नवरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराआडूनच ती म्हणाली, “काई नाई भाऊ, तालीम चालू आहे.” लटारू हसत परत गेला. त्यानंतर कोणी धावून आलं नाही. तिचा दात पडला ती तालीम, मनगट मोडलं तीही तालीम. विहिरीवर बायका वर तिलाच म्हणायच्या, “तुले घरबसल्या नाटक पाहाले भेटते, बाई!” इंदिराही हसायची. त्या हसण्याचा तिला आता मनापासून राग यायचा, पण एकदा सांगितलेलं खोटं परत कसं घ्यायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आचलनं अंक वाचून संपवला.

“आई, ती बाई इतकी बोंबलते. वाड्याबाहेर पहारेकरी आहेत, दासी आहेत. मंग कोणी काऊन नाई आलं?”

इंदिरानं बरेच प्रश्न काढून ठेवले होते. हा त्यात नव्हता. तेवढ्यात फाटक आपटलं.

यंदा नाटक कंपनीनं सरदाराचं काम एका नव्या पोराला दिलं होतं. तेव्हापासून सुरेंद्र भरदुपारीच पिऊन यायचा. पोरीच्या हातातलं नाटक त्यानं पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

“माह्या नाटकाले हात कोणी लावला?”

“पोरीले शिकवून राह्यली होती जी,” इंदिरा म्हणाली.

“माह्यावर हासून राह्यल्या तुमी मायलेकी!”

त्यानं खुंटीवरचा चाबूक ओढला. आजवर त्यानं पोरीला बोट लावलं नव्हतं. याच एका गोष्टीच्या आधारावर इंदिरानं इतकी वर्षं काढली होती. आज पहिला फटका आचलच्या गालावर बसला. कातडी फाटली, रक्ताची धार हनुवटीवरून नाटकाच्या पानावर पडली. दुसरा फटका इंदिरानं मध्ये पडून पाठीवर घेतला, तिसराही. मग त्यानं चाबूक फेकला, तिला केसांनी ओढत उखळापाशी आपटलं आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. इंदिराच्या टाचा जमिनीवर घासत राहिल्या. तिच्या तोंडून आवाजही फुटेना.

आचलनं उखळातलं मुसळ उपसलं आणि बापाच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. सुरेंद्र कोलमडला. तिनं पुन्हा मुसळ उचललं, आता थेट डोक्यावर.

“थांब!” खोकत खोकत इंदिरा उठली. तिनं मुसळ धरलं. “दे इकडं. तुह्या हातून नाई होऊ द्याचं हे.”

आचलनं मुसळ सोडलं. सुरेंद्रला धीर आला. बायको शेवटी बायकोच, असं त्याला वाटलं असावं. मग त्याचं लक्ष इंदिराच्या चेहऱ्याकडं गेलं. ती आचलच्या गालावरचं रक्त बघत होती. तिनं मुसळावरची मूठ बदलली, धान कांडताना बायका बदलतात तशी.

“लटारूभाऊ!” सुरेंद्र गळा फाडून ओरडला. वीस-वीस गावांची गर्दी ज्या आवाजानं हलायची, तोच हा आवाज. “धावा! मारते मले! जीव घेते माहा!”

कुंपणापलीकडं पावलं वाजली. फाटकाशी येऊन थांबली.

“काय झालं, इंदिराबाई?”

इंदिरानं पोरीकडं पाहिलं. गळ्यावर बोटांचे वळ होते, तरी तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा निघाला.

“काई नाई भाऊ. तालीम चालू आहे.”

“चालू द्या, चालू द्या!” लटारू हसत माघारी वळला. “आज भाऊ लय खरा बोंबलून राह्यला!”