माळ्यावरची शेगडी

घर दुपारचं पेंगत होतं. खोक्यातून एक बारीकशी 'चीं' आली, आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई लगबगीनं उठून बसल्या.

"अगं, पिल्लं एकमेकांवर चढतायत बघ! गारठलीत. बल्ब खाली घे जरा."

कालच बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या पिल्लांसाठी आम्ही टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात भुसा अंथरून वर बल्ब टांगला होता. मी वायर सैल केली, तोच लाईट गेली.

"आता उभी काय राहिलीस? माळ्यावरची शेगडी काढ. कोवळे जीव ते, ऊब नको त्यांना?"

शेगडी उतरवताना माझा हात क्षणभर अडला. माझी धाकटी लेक याच घरात जन्मली, ऐन पौषात. तेव्हा बाजेखाली ठेवायला मी हीच शेगडी मागितली होती. "दुसरीही पोरगीच. तिच्यासाठी कोळसा कशाला जाळायचा?" असं म्हणून सासूबाई आत निघून गेल्या होत्या. मी लेकीला पदरात गुंडाळून नुसती पोटाशी धरून राहिले होते.

निखारे फुलले. सासूबाईंनी एक पिल्लू मांडीवर घेतलं. तळहात शेगडीवर धरायचा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा, मग अलगद पिल्लाच्या पाठीवर ठेवायचा. किती हलका हात होता त्यांचा!

धाकटी भान हरपून बघत होती. मग हसत माझ्या कुशीत शिरली.

"आई, मी बाळ होते तेव्हा आजीनं मलापण असंच शेकलं होतं ना?"